मोरीचे पाणी आणि झाडाचे मूळ

घरातील कोणत्या जागेकडे आपले लक्ष सर्वांत कमी असते, असा प्रश्न कोणी विचारला तर मी बेलाशक 'मोरी' असे उत्तर देईन. देवघर आपण रोज पुसतो, स्वयंपाकघर आवरतो, दिवाणखान्यात पाहुणा यायचा असला की चादर बदलतो. मोरीत मात्र पाणी ओतले की ते नाहीसे झाले असे समजून आपण पाठ फिरवतो. ते गेले कोठे, याची चौकशी आपण एकदाच करतो. ते परत येते तेव्हा! मग धावपळ सुरू होते. कोणी तार घालतो, कोणी बांबूची कामटी घालतो, कोणी उकळते पाणी ओततो. शेवटी अंगणातले चेंबर उघडावे तर आतून निघतो केसांच्या गंगावनासारखा तपकिरी तंतूंचा एक लांबच लांब झुपका. "अहो, हे तर पिंपळाचं मूळ!" असे कोणीतरी म्हणतो, आणि सगळ्यांच्या नजरा कुंपणापलीकडच्या त्या बिचाऱ्या झाडाकडे वळतात.

आता इतिहासाच्या माणसाने मोरीवर बोलावे काय, असे काही श्रोत्यांना वाटेल. पण राजे कोणत्या साली गादीवर बसले एवढाच काही इतिहास नव्हे. माणसाने एकत्र राहायला सुरुवात केल्यापासून सांडपाण्याचे काय करायचे हा प्रश्न त्याच्या पाठीमागे लागला आहे, आणि त्या प्रश्नाला त्याने दिलेली उत्तरे पाहिली की त्या समाजाची पारख होते. पाणी कसे काढून दिले, नळ कोठे बुजला आणि बुजलेला नळ साफ करायला कोण उतरला, या तीन गोष्टींचा माग आज आपण काढू.

प्रथम झाडाची बाजू ऐकून घेऊ. झाडाचे मूळ नळावर चाल करून येते, दुरून पाण्याचा वास घेते, असा आपला समज असतो. तसे काही नसते. मुळाचे टोक मोठे संवेदनाशील असते खरे. चार्ल्स डार्विन व त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मुळाच्या टोकाला ओलावा, स्पर्श, गुरुत्वाकर्षण यांची जाणीव कशी होते हे प्रयोगांनी दाखवले आहे. परंतु मुळाला कळतो तो आसपासच्या मातीतला ओलावा. धडधाकट, न पाझरणाऱ्या नळाशेजारून मूळ निमूटपणे निघून जाते. नळाचा सांधा सैल असला, त्याला केसाएवढी भेग असली, की तेथून पाणी पाझरते, भोवतालची माती ओली होते आणि त्या ओलीच्या मागोमाग मुळाचा सुतासारखा तंतू भेगेशी येतो. तो आत शिरला की त्याला स्वर्गच सापडतो म्हणा ना! पाणी आहे, हवा आहे आणि आपल्या सांडपाण्यातून वाहत येणारे खतही आहे. मग त्या एका तंतूचे शंभर तंतू होतात, त्यांची जाळी तयार होते, त्या जाळीत केस, तेलातुपाचा ओशटपणा, भाताची शिते, चहाचा चोथा अडकतो, आणि एके दिवशी नळ बंद पडतो. पुढे तेच मूळ जाड होते आणि आलेल्या वाटेची भेग फाकवून सांधाच फोडून टाकते. म्हणजे चोरी मुळाने केली हे खरे, पण दार आपण उघडे ठेवले होते. हे ध्यानात ठेवून आपण मागे वळू.

पहिला मुक्काम मोहेंजोदडोचा. राखालदास बॅनर्जी यांनी १९२२ साली तेथे खणायला सुरुवात केली आणि १९२४ साली सर जॉन मार्शल यांनी या संस्कृतीचा शोध जगाला जाहीर केला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या नगरात घरोघर विटांनी बांधलेली न्हाणी होती. न्हाणीचे पाणी भिंतीतून बाहेर पडे आणि रस्त्याकडेच्या विटांच्या गटारात जाई. वरच्या मजल्याचे पाणी खाली आणण्यासाठी भाजलेल्या मातीचे नळही काही ठिकाणी सापडले आहेत. हे सर्व शाळेच्या पुस्तकात असते. ज्याकडे आपले लक्ष जात नाही ते निराळेच आहे. ही गटारे विटांनी किंवा दगडी फरश्यांनी झाकलेली असत आणि ती झाकणे उचलता येत. वाटेत ठिकठिकाणी खड्डे ठेवलेले असत. पाणी त्यात पडे, गाळ खाली बसे आणि पाणी पुढे जाई. अर्नेस्ट मॅके या उत्खननकारांना गटारांच्या कडेला हिरवट करड्या रंगाच्या वाळूचे लहान लहान ढीग आढळले. गटार उपसले, गाळ कडेला टाकला आणि उचलायचा राहून गेला! आपल्या नगरपालिकांना हे दृश्य अनोळखी वाटू नये. त्या ढिगांवरून एक गोष्ट मात्र निश्चित होते. गटार बांधणाऱ्याने ते बुजणार हे गृहीत धरले होते आणि उघडून साफ करण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवली होती. तो गाळ कोणी उपसला, त्याला समाजात काय मान होता, हे मात्र त्या नगराच्या विटा सांगत नाहीत.

विटा जे सांगत नाहीत ते पुढे ग्रंथ सांगू लागतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे संपादन आणि भाषांतर मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी केले, ते १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध झाले. या ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणात घरे, कुंपणे, शेजाऱ्यांचे वाद असा विषय आहे आणि तेथे मोरीचाही कायदा आहे. घरधन्याने पाण्याची वाट शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठरावीक अंतर सोडून करावी. ती पुरेशी खोल, वाहती किंवा सरळ खाली धार पडेल अशी असावी. न केल्यास ५४ पण दंड. दुसऱ्या अधिकरणात रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास अष्टमांश पण आणि चिखलपाण्याने रस्ता अडवणाऱ्यास पाव पण दंड सांगितला आहे. दंडांतील फरक पाहा. रस्ता घाण केला तर किरकोळ दंड, पण मोरीच चुकीची बांधली तर जबर दंड. एकदा केलेली घाण पुसता येते. चुकीचा उतार आणि चुकीचे अंतर मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्रास देते, हे त्या शास्त्रकाराने ओळखले होते.

झाडाच्या मुळांवर मात्र खास कायदा केला तो रोमन लोकांनी. इसवी सन ९७ मध्ये फ्रंटायनस नावाचा एक वयोवृद्ध सेनानी रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख नेमला गेला. या गृहस्थाने हाताखालच्या लोकांवर विसंबून न राहता सारे पाट-नळ स्वतः समजून घेतले आणि त्यांवर एक पुस्तकच लिहिले. ते पिण्याच्या पाण्याच्या नळांविषयी आहे, सांडपाण्याच्या नव्हे; पण मुळाला हा भेदभाव कोठे ठाऊक असतो? फ्रंटायनस तक्रार करतो की नळांच्या शेजारचे जमीनदार मोकळी सोडायची जागा बळकावून बसतात, तेथे घरे बांधतात नि झाडे लावतात. आणि त्यांतही झाडे अधिक घातक, कारण त्यांची मुळे कमानी आणि बाजूच्या भिंती फोडतात. त्याने जुना ठरावही नोंदवून ठेवला आहे. ख्रिस्तपूर्व ११ या वर्षी रोमच्या सिनेटने ठरवले होते की झरे, कमानी आणि भिंती यांच्या दोन्ही बाजूंना १५ फूट आणि जमिनीखालचे नळ व शहरातील नळ यांच्या दोन्ही बाजूंना ५ फूट जागा मोकळी राहिली पाहिजे. मोडेल त्याला १०,००० सेस्टर्स दंड, आणि त्यातला निम्मा चुगली करणाऱ्याला बक्षीस! दोन हजार वर्षांपूर्वीचा हा नियम मला मोठा शहाणपणाचा वाटतो. त्याने वृक्षाला शत्रू ठरवले नाही. झाड आणि नळ यांच्यामध्ये अंतर ठेवा, एवढेच त्याचे म्हणणे.

घरगुती मोरीबद्दलही रोमन कायद्याने विचार केला होता. माझ्या घराची मोरी तुझ्या घराखालून जात असेल आणि ती तुंबली, तर ती साफ करायला मला तू अडवू शकत नाहीस, असा तेथील न्यायाधिकाऱ्याचा हुकूम होता. शेजारी म्हणेल, "माझी फरशी उखडायची नाही." कायदा म्हणे, साफ करू दे, कारण तुंबलेली मोरी ही एकट्या घराची बाब राहत नाही, तिच्याने रोगराई येते. आपल्याकडे दोन बिऱ्हाडांच्या सामाईक मोरीवरून जी भांडणे होतात ती ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना या नियमाची किंमत सांगायला नको.

आणि गटारात उतरत कोण असे? येथे रोमच्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवतो. ख्रिस्तपूर्व ३३ मध्ये आग्रिप्पा नावाच्या बड्या सरदाराने शहराची गटारे स्वखर्चाने साफ करवली आणि तो स्वतः होडीत बसून त्या भुयारातून टायबर नदीपर्यंत गेला. इतिहासकारांनी हे कौतुकाने लिहून ठेवले. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी सम्राट ट्रेजनने प्लिनी या आपल्या सुभेदाराला एक पत्र पाठवले. प्रश्न होता जुन्या शिक्षा झालेल्या, पण शिक्षा न भोगता सरकारी चाकरीत पगार खात बसलेल्या गुन्हेगारांचा. सम्राट लिहितो की त्यांतील म्हाताऱ्या लोकांना शिक्षेपासून फार दूर नसणारी कामे द्यावीत. आणि अशा कामांत तो गटारे साफ करण्याचे काम गणतो. सरदार गटारात उतरला तर तो पराक्रम होतो. रोजचे उतरणे ही जवळजवळ शिक्षाच. ही खूणगाठ बांधून ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. भाजक्या मातीचे नळ आपल्याकडे नवे नाहीत. मलिक अंबरने खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात त्याने डोंगरातले पाणी भुयारी नहरांतून आणि खापरी नळांतून शहरात आणले. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात आणले. या कात्रजच्या नळाला जागोजाग उच्छ्वास ठेवलेले आहेत. शब्द किती सुंदर आहे पाहा! नळाने श्वास सोडावा, हवा कोंडू नये, आणि माणसाला आत उतरून पाहता यावे, यासाठी ही सोय. मोहेंजोदडोच्या उचलत्या झाकणांची ही दूरची भावंडेच.

पण हे झाले येणाऱ्या पाण्याचे. जाणाऱ्या पाण्याचे काय? खेड्यांत आणि जुन्या वाड्यांत त्याचे उत्तर फार साधे होते. मोरीचे पाणी परसात जाई. मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ, केळ. कोकणात केळीबरोबर माड. आजीबाईंना वनस्पतिशास्त्र ठाऊक नव्हते, पण सांडपाणी पिणारी झाडे कोणती हे त्यांना पक्के माहीत होते. तेथे मूळ आणि सांडपाणी यांचे वैर नव्हतेच, मैत्री होती. मोरीच्या पाण्याला आपणच मुळाच्या भेटीला धाडत होतो. अळवाची पाने जेवणात परत येत आणि घरची घाण घरच्या अंगणात जिरून जाई. या पद्धतीचे पोवाडे गाण्याचे कारण नाही. दाट वस्तीत हेच पाणी आडात उतरे आणि पटकीची साथ आली की गावेच्या गावे ओस पडत. शिवाय शौचकूप पाण्याचे नव्हते. तेथला मैला माणसे डोक्यावरून वाहत, आणि ती माणसे जातीने ठरलेली असत. परसातल्या कर्दळीचे कौतुक करताना ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

मूळ आणि मोरी यांचे वैर सुरू झाले ते नळयुगात. त्याची सुरुवात लंडनला झाली. तेथे १८१५ पर्यंत घरच्या मैल्याचे खड्डे रस्त्याच्या गटाराला जोडायला मनाई होती. गटारे पावसाच्या पाण्यासाठी होती. ती मनाई उठली, घरोघर पाण्याचे शौचकूप आले आणि सारी घाण थेम्स नदीत जाऊ लागली. एडविन चॅडविक यांनी १८४२ साली गरीब वस्त्यांच्या आरोग्यावर आपला अहवाल प्रसिद्ध केला. मोठाल्या विटांच्या गटारांत पाणी रेंगाळते व गाळ साचतो. त्यापेक्षा लहान, गुळगुळीत नळातून पाणी जोराने वाहू द्यावे, म्हणजे ते स्वतःच नळ धुऊन नेईल, असे त्यांचे मत होते. १८४६ साली हेन्री डोल्टन यांनी लंडनच्या लॅम्बेथ भागात अशा झिलईच्या भाजक्या नळांचा कारखाना काढला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटात बसणे अशक्य झाले, तेव्हा कोठे सभासदांनी झटपट कायदा केला आणि जोसेफ बॅझल्जेट या इंजिनिअरने शहराची प्रचंड भुयारी गटारे बांधली. थोरामोठ्यांच्या नाकाला झोंबल्याखेरीज गटाराचा प्रश्न सुटत नाही, हा धडा त्या उन्हाळ्याने दिला.

घराकडून रस्त्याकडे जाणारा लहान नळ या डोल्टनच्या जातीचा असे, आणि आपल्याकडील जुन्या बंगल्यांत, चाळींत आजही तो जमिनीखाली आहे. नळ उत्तम, झिजत नाही, सडत नाही. उणीव एकच, त्याचे तुकडे लहान. दोन फुटांचा एक तुकडा धरला तर शंभर फुटांच्या मोरीत पन्नास सांधे येतात. प्रत्येक सांधा गवंड्याने सुतळीचे वेढे आणि सिमेंट घालून हाताने भरायचा. एकोणपन्नास चांगले भरले आणि पन्नासावा संध्याकाळच्या घाईत तसाच राहिला, तर मुळाला तेवढा पुरतो. त्यात आपली काळी माती! उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. वरचे घर सुद्धा जेथे हलते, तेथे सिमेंटचा ताठ सांधा तडकल्याशिवाय कसा राहील? मग वड, पिंपळ, उंबर आदी मंडळी येतात. तळमजल्याच्या चुन्यातूनसुद्धा वाट काढणारी ही झाडे. मोरीचा सांधा म्हणजे त्यांना आयतीच ओसरी.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले आणि लोकांनी आनंद केला. पण आलेले पाणी जायलाही वाट लागते, हा हिशेब मागाहून सुचला. घरांत पाण्याचा वापर वाढला, गटारे मात्र उथळ आणि अपुरी. सखल शहरात पाणी उतारावर जाणार कोठे? म्हणून पुढे वरळीच्या लव्हग्रोव्ह येथे पंप बसवून सांडपाणी उचलून समुद्रात सोडावे लागले. दोन चाळींच्या मधल्या बोळांत, ज्यांना मुंबईकर घरगल्ली म्हणतात, मोऱ्यांचे नळ उतरत, आणि त्या बोळांतून रोज वावरत असे फक्त सफाई कामगार. वरच्या खिडकीतून केर टाकणाऱ्याला तो दिसत नसे. निदान त्याने पाहिले नाही असे तो मानी.

तुंबलेला नळ मोकळा करण्याची हत्यारे मात्र फार काळ बदलली नाहीत. बांबूची कामटी, लोखंडी सळई, आणि माणसाचा हात. १९३३ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात सॅम्युएल ब्लँक नावाच्या माणसाने मुलाच्या घरचा तुंबलेला नळ मोकळा करण्यासाठी एक यंत्र जुळवले. धुलाईयंत्राची मोटार, चाकाच्या बुटांची चाके, लांब पोलादी तार आणि तारेच्या टोकाला पाती. मोटार फिरली की तार नळात वळवळत जाई आणि पाती मुळे कापीत. 'रोटो-रूटर' या नावाने ते यंत्र प्रसिद्ध झाले. पण कापलेले मूळ पुन्हा फुटते. अंगणातली हरळी कापली की ती दुप्पट वाढते, तसेच हे. कोणी नळात मोरचूद टाकतात. त्याने आतले तंतू मरतात खरे, पण मैलाकुंडीतले उपकारक जंतूही मरतात आणि पुढे ओढ्यातले मासेही. खरी सुधारणा झाली ती सांध्यात. रबरी कड्यांचे लवचिक सांधे आले, लांब तुकड्यांचे प्लॅस्टिकचे नळ आले. आणि १९७१ साली लंडनच्या हॅकनी भागात एरिक वुड यांनी जुन्या गटाराच्या आत राळेत भिजवलेली कापडी पिशवी सरकवून, ती आतल्या आत कठीण करून, रस्ता न खणता नवा बिनसांध्याचा नळ तयार केला. सांधाच नाही, तर मूळ शिरणार कोठून?

म्हणजे यंत्रे आहेत, नळ आहेत, ज्ञानही आहे. तरीही आपल्या देशात नळ बुजला की माणूस उतरतो. मघाची खूणगाठ आता सोडू. रोमने हे काम शिक्षा म्हणून गुन्हेगारांना दिले. आपण ते गुन्हा न केलेल्यांना जन्माने दिले. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, मुंबई राज्याने सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हातात खराटा घेतला आणि मैला माणसाच्या हाताला न लागता त्याचे खत व्हावे यासाठी संडास सुधारण्याचे व्रत घेतले. गाडगेबाबांनी गावोगाव झाडू चालवला. १९९३ साली हाताने मैला वाहण्यास बंदी करणारा कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने गटारे व मैलाकुंड्या संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून साफ करून घेणे हा गुन्हा ठरवला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. ही रक्कम वाढवण्याची वेळ यावी, यातच सारे आले.

त्या खड्ड्यात काय असते हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. कोंडलेल्या मैल्यातून एक विषारी वायू तयार होतो. थोडा असला तर त्याला सडक्या अंड्यांची घाण येते, पण प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. आत उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, आता भीती नाही. आणि दोन श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. बाप-लेक, भाऊ-भाऊ असे गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. एका झाडाचे मूळ, एक सैल सांधा, एक तुंबलेली मोरी, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एका घरची चूल विझते. मोरी हा विषय क्षुल्लक नाही असे मी म्हणतो, ते एवढ्यासाठी.

यंत्र म्हणाल तर तेही आपल्याकडे तयार झाले आहे. २०१८ साली केरळातील तरुण इंजिनिअरांनी 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव मॅनहोलमध्ये उतरवून दाखवला. नळात कॅमेरा सोडून मूळ कोठे शिरले आहे हे वर बसून पाहता येते. पाण्याचा जोरदार फवारा सोडून आणि गाळ शोषून घेऊन नळ साफ करणारी वाहने शहरांत फिरतात. उणीव आहे ती मागणीची. गृहसंस्थेच्या सभेत रंगाच्या छटेवर दोन तास चर्चा होते आणि चेंबरच्या कामासाठी "स्वस्तातला कोणी तरी माणूस बघा" असे एका वाक्यात उरकले जाते. त्या एका वाक्यात सम्राट ट्रेजनच्या पत्राचा सूर नाही का?

मग आपण घरी काय करावे? इतिहासाने दिलेला सल्ला आजही पुरेसा आहे. मोहेंजोदडो सांगते, उघडता येईल अशी जागा ठेवा. म्हणून चेंबरवर फरशी घालून ते कायमचे बुजवू नका, घरातल्या निदान दोघांना तरी ते कोठे आहे ते ठाऊक असू द्या. कौटिल्य सांगतो, उतार आणि अंतर सांभाळा; चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट उतार हे गवंड्यांचे जुने गणित आजही खरे उतरते. फ्रंटायनस सांगतो, झाड आणि नळ यांच्यात जागा सोडा. नळाच्या माथ्यावर वड, पिंपळ, उंबर, रबराचे झाड लावू नका, तेथे कर्दळ, अबोली, मोगरा शोभेल. असलेले झाड मात्र रागाच्या भरात तोडू नका. शहरांत त्याला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे आणि परवानगी लागते; शिवाय झाड गेले तरी फुटका सांधा फुटकाच राहतो. सांधा दुरुस्त करा, मूळ आपोआप दुसरी वाट धरील. आपल्या आजी सांगतात, खरकटे मोरीत जाऊ देऊ नका. जाळी ठेवा, तळणीचे तेल ओतू नका.

आणि कायदा सांगतो, माणूस उतरवू नका. काम करायला जो येईल त्याला "यंत्र आणलंय का?" एवढा एक प्रश्न आपण विचारावा, आणि नाही म्हटले तर झाकण उघडू देऊ नये. थोडे पैसे जास्त पडतील, एखादा दिवस मोरी बंद राहील, बादलीने पाणी बाहेर नेऊन टाकावे लागेल. तेवढी गैरसोय आपण सोसायला तयार झालो, तर साडेचार हजार वर्षांच्या या कहाणीत खऱ्या अर्थाने नवीन असे काही आपल्या पिढीच्या नावावर लागेल.